बत्तीस इंचांचा काउंटर

बारचा काउंटर बेचाळीस इंच उंच असतो. तेवढाच का, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. वडिलांनी बेचाळीसचे केले, म्हणून मीही बेचाळीसचे केले. उभ्या माणसाचं कोपर त्यावर नीट टेकतं आणि उंच स्टुलावर बसलेला माणूस उभ्या माणसाच्या बरोबरीला येतो. लोणावळ्यात आणि जुन्या हायवेच्या कडेनं कामशेतपर्यंत जेवढ्या परमिट रूम आहेत, त्यांतल्या डझनभर तरी काउंटरांवर माझा रंधा फिरला आहे. आठ वर्षांपूर्वी एका बंगल्याच्या हॉलमध्ये मी परांचीवरून पडलो आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून मी व्हीलचेअरवर आहे, आणि माझ्या हातच्या एकाही काउंटरला मला बसता येत नाही.

हे कळायलाही एक वर्ष गेलं, कारण वर्षभर मी घराबाहेरच पडलो नव्हतो. मग दोन जुने मित्र हट्टानं मला भुशीच्या रस्त्याला एका बारमध्ये घेऊन गेले. काउंटर माझ्याच हातचा. ते दोघं सवयीनं स्टुलांवर चढले आणि मी खाली राहिलो. काउंटरची कड माझ्या नाकाशी आली. वर काय चाललंय ते दिसेना, दिसत होते ते मित्रांचे गुडघे. आणि काउंटरच्या पोटात, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, मी पेन्सिलनं केलेली खूण दिसली. एक बाण आणि त्याच्याशेजारी 'डावी' असं लिहिलेलं. जोडताना फळी उलटी बसू नये म्हणून केलेली ती खूण होती. मी माझ्याच अक्षराकडं बघत बसलो आणि वर बारवाला मित्रांना विचारत होता, "दोनच ना?"

मग वेटर आला. मला काही न विचारता त्यानं खुर्चीच्या मुठी धरल्या आणि मित्रांना म्हणाला, "ह्यांना फॅमिलीत बसवू, तिकडं मोकळं आहे."

फॅमिली सेक्शन म्हणजे काय ते आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. बायका, लेकरं आणि म्हातारी माणसं बारवाल्या बाजूपासून लांब बसावीत म्हणून मध्ये एक पडदा टाकलेला असतो. मी चाळिशीचा गडी, तोंडावर दाढी, हातावर पटाशीचे वण, आणि मला त्या पडद्यामागं नेऊन ठेवलं. शेजारच्या टेबलावर एक बाई मुलीला भात भरवत होती. मित्रही मागून आले, वाईट वाटून आले. पण मॅच काउंटरच्या वरच्या टीव्हीवर चालू होती. दर दोन मिनिटांनी त्यांतला एक जण पडदा सरकवून स्कोर बघून यायचा आणि मला सांगायचा. स्कोर मला नको होता. त्या रात्री घरी येऊन मी बायकोवर, भावावर आणि कुत्र्यावर सारखाच ओरडलो.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझ्या तळपायांना आठ वर्षांत काही कळलेलं नाही, त्यामुळं माझी आग सरळ मस्तकातच लागते.

हे सगळं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: दारू प्यायला कशाला सोय पाहिजे? घरी बसून प्या की. नातेवाइकांतला एक जण तर तोंडावर म्हणाला, "तुला आता दारूचं काय पडलंय?" म्हणजे माझे पाय गेले तेव्हा त्याच्या मते माझा घसाही गेला. दवाखान्यात रॅम्प मागितला असता तर हेच लोक माना डोलावून हो म्हणाले असते. तिथं मी रोगी असतो, आणि रोग्याला सोय द्यायला कुणाची हरकत नसते. हरकत असते ती मी मजा करण्याला. कामावरून सुटलेला माणूस काउंटरला टेकतो, शेजारच्या अनोळखी माणसाशी पावसावर आणि मॅचवर दोन शब्द बोलतो, एक बिअर पितो आणि घरी जातो. मला तेवढंच पाहिजे होतं. कुणी सोबत न येता आत जायचं, काउंटरला बसायचं, बिअर प्यायची आणि एकट्यानं बाहेर यायचं. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

पडल्यानंतर धंदा बुडाला नाही, तो धाकट्या भावामुळं. आमचं घर परंपरेनं सुतारांचं नाही. वडील बंगल्यांच्या कामावर हेल्पर म्हणून लागले, बघून बघून शिकले आणि आम्हा दोघांना शिकवून गेले. आता कामशेतला आमचा छोटा कारखाना आहे. मापं, ड्रॉइंग आणि गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडं, हत्यारं भावाकडं. मला उचलणं, टेम्पोत बसवणं, ताप आला की दवाखान्यात नेणं हेही त्याच्याकडंच. त्यानं यातलं कधी काही बोलून दाखवलं नाही, आणि मीही त्याला कधी बरं म्हटलं नाही.

मागच्या वर्षी हायवेवरच्या एका ढाब्याचे मालक आमच्याकडं आले. ढाबा पाडून मोठं रेस्टॉरंट आणि बार करायचा होता. माणूस गोड बोलणारा. वीस फुटांचा काउंटर, मागं काचेची मांडणी, वर लायटिंग. पुढं वरच्या मजल्यावर खोल्या काढायच्या होत्या, त्यांचंही काम आम्हालाच द्यायचं त्यांच्या मनात होतं. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालो, "शेठ, काम करतो. एक अट आहे. काउंटरचा मधला चार फूट भाग मी सांगीन त्या उंचीचा होणार. आणि रस्त्यापासून त्या चार फुटांपर्यंत मी एकटा येणार, कुणाचा हात न लागता."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम कल्पना आहे, मिस्त्री," ते म्हणाले. "पुण्यातले कंपनीवाले हल्ली असलं विचारतात. आपण बाहेर निळा बोर्ड लावू, खुर्चीचं चित्र असतं ना, तसला."

बोर्ड पुढच्याच आठवड्यात लागला. तेव्हा पायाचं काम चालू होतं.

काउंटरची उंची मी पुस्तकात बघून काढली नाही. मालकांकडून बिअरचे रिकामे क्रेट मागवले, कारखान्यात त्यांच्या दोन थप्प्या लावल्या आणि वर प्लायचा तुकडा टाकला. मी खुर्ची आत घातली तर गुडघे आपटले. भावाला म्हणालो, "वर घे."

"किती?"

"अर्धा इंच."

त्यानं प्लायखाली पट्ट्या सरकवल्या. तरी गुडघे अडत होते. आणखी वर घेतलं तर गुडघे गेले, पण खांदे कानाला लागायला लागले. त्या उंचीवर ग्लास धरून बसलेला माणूस कसा दिसेल ते भावानं मला करून दाखवलं आणि स्वतःच हसत सुटला. मग त्यानं वरची फळी पातळ घेतली. एकेक सूत करत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या हिशेबानं, आम्ही दुपारभर वरखाली करत होतो. बत्तीस इंचांवर गुडघे सुटले आणि कोपरं टेकली. भाऊ टपरीवरून चहा घेऊन आला आणि त्यानं ग्लास माझ्यासमोर प्लायवर ठेवला. मी कोपर टेकून चहा प्यायलो. सात वर्षांनी मी कशाला तरी टेकून काहीतरी पीत होतो. मी भावावर ओरडलो की चहात साखर जास्त आहे.

पुढची सगळी भांडणं साइटवर झाली. पहिलं फ्रिजवरून. काउंटरच्या पोटात बाटल्यांचा फ्रिज येतो. माझे गुडघे तिथं जाणार म्हटल्यावर मालक म्हणाले, "मग माझ्या बाटल्या कुठं ठेवू?" बाटल्या कुठंही बसतात, मी नाही, असं मी सांगितलं. फ्रिज मागच्या भिंतीला गेला. दुसरं भांडण जागेवरून. ते म्हणाले, "हा तुमचा भाग मधे कशाला? कोपऱ्यात घेऊ, टॉयलेटच्या बाजूला. तुम्हाला जवळ पडेल." मला जवळ पडेल. इतक्या काळजीनं म्हणाले की माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हणालो, "शेठ, तुम्ही बसता का टॉयलेटच्या बाजूला?" त्यावर ते हसले. तो भाग मधोमधच झाला. त्या चार फुटांना मी शेजारी एक साधी खुर्चीही दिली, म्हणजे सोबत येणारा माणूस स्टुलावरून माझ्या टाळूशी बोलणार नाही.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, तसं झालं पाइपाचं. काउंटरच्या पायथ्याशी, पाय ठेवायला, पितळी पाइप असतो. फॅब्रिकेटरनं तो या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड बसवला, माझ्या चार फुटांतूनही आरपार. खुर्चीची पावटी, म्हणजे पाय ठेवायची पट्टी, पाइपाला अडणार आणि माझी कोपरं काउंटरपासून हातभर लांब राहणार. मी त्याला विचारलं तर तो मलाच समजावायला लागला, "मिस्त्री, काउंटर म्हटल्यावर पाइप आलाच की." मी म्हणालो, "माझ्याकडं बघून सांग, मी त्या पाइपावर काय ठेवू?" तो बघत राहिला. मग त्यानं कटर आणला.

टॉयलेटचं दार दोन फुटांचं झालं होतं, ते फोडून पावणेतीन केलं. बाहेर पायऱ्यांच्या शेजारी उतार केला. एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांब उतार लागतो, आणि मालकांना तिथं कुंड्या ठेवायच्या होत्या. तेही भांडण झालं. प्रत्येक वेळी मी जिंकलो आणि प्रत्येक वेळी माझ्या लक्षात येत होतं की मला हे मिळतंय ते वीस फुटांचा काउंटर माझ्या हातात आहे म्हणून. ज्याच्या हातात काही नाही तो त्या फॅमिलीच्या पडद्यामागं बसून स्कोर ऐकत असेल.

उद्घाटनाच्या सहा दिवस आधी मला ताप भरला. लघवीचं इन्फेक्शन, आमच्यासारख्यांना ते नेहमीचंच. मी अंथरुणावर आणि काम शेवटच्या टप्प्यात. भाऊ रोज फोन करून सांगायचा: पॉलिश झालं, स्टूल आले, काचा बसल्या. आदल्या दिवशी म्हणाला, "सगळं झालंय दादा. काय बी राह्यलं न्हाई. तू फकस्त ये."

सकाळी साडेअकराचा मुहूर्त होता. मी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी कोरली. भावानं टेम्पोतून मला उतरवलं आणि खुर्चीवर बसवलं. उताराच्या पायथ्याशी मी त्याला म्हणालो, "आता मागं हो. हात लावू नको." तो हात मागं बांधून चालत राहिला. बारा फूट मी माझ्या हातांनी चढलो. वर आलो तेव्हा दंड भरून आले होते आणि मला फार बरं वाटत होतं. दार सताड उघडं होतं. आत, समोरच, काउंटर दिसत होता. मधोमध खाली उतरलेला बत्तीस इंचांचा भाग दिसत होता. त्यावर कुणीतरी झेंडूची माळ सोडली होती.

मी चाकांना जोर दिला आणि खुर्ची टक्कन थांबली. पुढची छोटी चाकं कशाला तरी लागली होती.

खाली पाहिलं तर उंबरा. सागवानी, चार इंच उंच, काठाला गोल फिरवलेला, कडक पॉलिश. त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, समोर रांगोळी. माझ्या ड्रॉइंगमध्ये तिथं सपाट फरशी होती. आणि काठाची ती गोलाई मी ओळखली. असा गोल आमच्या वडिलांच्या हातचा रंधाच फिरवतो, आणि तो रंधा आता एकाच माणसाकडं आहे.

मी मागं वळून पाहिलं. भावाचा चेहरा पांढरा पडला होता.

"परवा मालकांच्या आई आल्या हुत्या," तो म्हणाला. "म्हनल्या, उंबऱ्याबिगर दार नसतं, लक्ष्मी टिकत न्हाई. सागाचा तुकडा पडला हुता, दुपारात करून दिला. काल संध्याकाळी बसवला." मग त्यानं खुर्चीच्या अडलेल्या चाकांकडं बघितलं. "दादा, माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

या माणसानं आठ वर्षं माझी खुर्ची ढकललेली आहे. कामशेतच्या बाजारात कुठल्या दुकानाला किती पायऱ्या आहेत आणि फुटपाथ कुठं तुटलाय ते त्याला पाठ आहे. बत्तीस इंच ठरवताना सूत सूत मोजत तो माझ्या गुडघ्यांशी बसला होता. पण हातात सागाचा तुकडा आला आणि दाराला उंबरा करायचा म्हटलं, की तो सुतार झाला आणि मी त्याच्या डोक्यातून गेलो. मला त्याला मारावंसं वाटलं. आणि मला हेही ठाऊक होतं की त्याच्या जागी मी असतो तर मीही तो उंबरा केला असता, आणखी नक्षी काढून केला असता. डझनभर काउंटर केले तेव्हा माझ्या तरी कुठं ध्यानात आलं होतं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हे समजल्यानं राग कमी होईल असं वाटतं, पण तो दुप्पट झाला, कारण काढायचा कुणावर तेच कळेना.

"मागं कलती करतो," भाऊ म्हणाला. "एका झटक्यात जाशील."

"हात लावू नको," मी म्हणालो आणि दोन्ही ब्रेक लावले.

तोवर मालक आले. कपाळावर टिळा, नवी कोरी बंडी. त्यांनी उंबरा पाहिला, खुर्ची पाहिली आणि कपाळावर हात मारला. मनापासून वाईट वाटलं त्यांना, ते मी नाकारत नाही. "अरे अरे," ते म्हणाले, "पण काही हरकत नाही, आपली चार माणसं आहेत, उचलून घेऊ. फुलासारखं घेऊ."

"शेठ, येत्या मंगळवारी मी एकटा येईन. तेव्हा ही चार माणसं कुठं असतील?"

"असतील की! वॉचमन आहे, वेटर आहेत, हाक मारायची."

"हाक मारायची असती तर मी काउंटर खाली कशाला घेतला असता? उचलून घ्यायचं तर स्टुलावरही बसवता आलं असतं मला."

लोक जमायला लागले होते. मालकांचे पाहुणे, औंढ्याकडचे त्यांचे सोयरे, दोनचार पर्यटक. मालकांनी आवाज खाली आणला. "मिस्त्री, पूजा झालीय त्याची. आता लगेच कसा काढणार? आईला काय वाटेल? तुम्ही असं करा, मागच्या दारानं या. किचनचं दार एकदम सपाट आहे. सिलिंडर येतात, क्रेट येतात, काही अडत नाही."

सिलिंडर येतात, क्रेट येतात.

आमचं छप्पन्न साली दीक्षा घेतलेलं घर. माझा आजा त्याआधी याच मावळात लोकांच्या मागच्या दारी उभा राहायचा. पुढच्या उंबऱ्याला त्याला शिवू देत नव्हते. दीक्षा घेतली आणि त्यानं मागच्या दारी जाणं सोडलं ते मरेपर्यंत. एका घरी लग्नाचं जेवण होतं, मागून ये म्हणाले, तर उपाशी चालत घरी आला, हे वडील आम्हाला सांगायचे. मालकांना यातलं काही माहीत नव्हतं. ते मला माझी जात बघून मागच्या दारी पाठवत नव्हते, हे मला पुरतं कळत होतं. त्यांचं कारण वेगळं होतं, पण मला दाखवत होते ते दार तेच होतं.

मी आवाज चढवला नाही. म्हणालो, "मी पुढूनच येणार."

"एवढं काय मनाला लावून घेता मिस्त्री? चार इंच तर आहे."

मी पावट्या बाजूला केल्या, खुर्चीच्या कडेला सरकलो, दोन्ही हात टेकले आणि खाली उतरलो. हे मला करता येतं. सुताराचे दंड आहेत, आठ वर्षं त्यांनीच मला ओढलंय. भाऊ पुढं झाला, मी त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि तो थांबला. मी रांगोळीतून सरकलो आणि उंबऱ्यावर बसलो. पाय उचलून आडवे ठेवले, दाराच्या या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. इस्त्रीच्या पँटला हळद लागली, कुंकू लागलं.

आतून मालकांच्या आई आल्या. हातात आरतीचं ताट, सत्तरी गाठलेली बाई, आवाजात कुठं कडकपणा नाही. "उंबऱ्यावर बसू नये बाबा," त्या म्हणाल्या. "चांगलं नसतं."

"मावशी, मला ओलांडता येत न्हाई तो," मी म्हणालो. "म्हणून बसलोय."

त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. मग बाहेरच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं.

पाहुणे दारात तटले होते. आत जायचं तर माझ्या पायांवरून जावं लागणार. हाफ पँट घातलेल्या एका पर्यटकाला ते कळलं नाही की काय, त्यानं पाय उचलला. आणि मावशींनी त्याला थांबवलं. "त्याला ओलांडू नका," त्या म्हणाल्या. "माणसाला ओलांडत नाहीत." त्यानं पाय मागं घेतला. त्यानंतर कुणीही पाय उचलला नाही. आतले आत आणि बाहेरचे बाहेर. वेटर ट्रे घेऊन उभे. मुहूर्ताची वेळ चालली होती आणि मालक घड्याळाकडं बघत होते.

लोकांना वाटलं असेल मी निवांत बसलोय. तसं नव्हतं. माझ्या खुर्चीवर जाड गादी असते, ती उगाच नसते. कडक जागेवर पंधरा-वीस मिनिटं बसलो की कातडी दबते, मला कळत नाही, आणि मग जखम होते. एकदा तशी झाली होती तेव्हा चार महिने पालथा झोपून काढले होते. हे तिथं दोनच माणसांना ठाऊक होतं, मला आणि भावाला. तो माझ्याकडं न बघता मोबाइलवर वेळ बघत होता, हे मला दिसलं. मला भीती वाटत होती. तरीही मी उठणार नव्हतो. इतक्या वर्षांत इतका राग मी कधी एका जागी बसून धरला नव्हता.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मालकांनी भावाला बाजूला घेतलं. फार बाजूला नाही, मला ऐकू येत होतं. "तुम्ही समजूतदार आहात," ते म्हणाले. "त्यांना सांगा जरा. वरच्या खोल्यांचं काम तुमच्याशीच बोलतोय ना मी? आज हे असं झालं तर पुढचं कसं करायचं, तुम्हीच सांगा."

भावानं मान खाली घातली. खोल्यांचं काम म्हणजे वर्षभराची भाकरी होती, ते मलाही समजत होतं. तो एकदा मालकांकडं बघायचा, एकदा उंबऱ्याकडं. मी मनात म्हटलं, आता हा येऊन मला उचलणार. माझ्या काखेत हात घालून, लेकरासारखा उचलून खुर्चीवर ठेवणार, आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकणार. आठ वर्षं त्यानं तेच केलं होतं आणि मी ते करू दिलं होतं. तो उतारावरून टेम्पोकडं गेला. मला वाटलं, चालला. मी दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात बॅटरीचं ड्रिल होतं.

"हात लावाल तर बघा," मालक म्हणाले. आवाजातला गोडवा गेला होता.

भाऊ त्यांना वळसा घालून पुढं झाला. मावशींसमोर जाऊन थांबला, त्यांना वाकून नमस्कार केला आणि माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसला. त्यानं बोटानं उंबऱ्यावरचं कुंकू पुसलं, एक स्क्रू शोधला, काढला. दुसरा काढला. ड्रिलच्या आवाजात कोण काय म्हणत होतं ते मला ऐकू आलं नाही. मग तो थांबला. आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं त्यानं. डोळे लाल झाले होते, आणि आवाज त्यानं जरा खडसावूनच काढला, मी त्याच्यावर काढतो तसा.

"दादा, सरक जरा. तिसरा तुझ्या मांडीखाली हाय."

मला ते कळलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी मांडी उचलली आणि बाजूला ठेवली.